उंबरडोहचे हांडे सर

हांडे सर हजेरीला आमची नावं घेत नसत, गावं घेत. "बेलापूर?" "हजर, सर." "राहाता?" "हजर." "पुणतांबा?" म्हटलं की मी उठून उभा राहायचो. बेलापूरची दोन मुलं होती. त्यांतल्या जाड्याला ते बेलापूर बुद्रुक म्हणत आणि काडीसारख्या मुलाला बेलापूर खुर्द. आईबापांनी ठेवलेली आमची नावं त्यांनी कधी उच्चारली नाहीत आणि आम्हालाही त्याचं वाईट वाटलं नाही. माणसाचं नाव विसरलं तरी चालेल, तो कुठून आला ते विसरू नये, असं त्यांचं म्हणणं.

राहात्याचा मुलगा वर्गात सगळ्यांत धीट. त्यानं एकदा विचारलं, "सर, तुमचं गाव कोणतं?"

सर फळ्यावर गोदावरीचं खोरं काढत होते. खडू न थांबवता म्हणाले, "उंबरडोह."

"कुठं आलं ते, सर?"

"पाण्यात."

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी एका उपनदीची रेघ डोंगरापर्यंत नेली, तिच्या वरच्या टोकाला एक बारीक टिंब दिलं आणि लगेच तळव्यानं पुसून टाकलं.

आमचं कॉलेज तेव्हा नवंनवं होतं. इमारत नव्हती, साखर कारखान्याच्या जुन्या गोदामात वर्ग भरायचे आणि शिकवताना मळीचा वास यायचा. त्या गोदामात सर भूगोल शिकवत. बुटका, काळासावळा माणूस, अंगात पांढरा सदरा, पायात टायरच्या चपला. लग्न केलं नव्हतं. बाजारपेठेत एका खोलीत एकटे राहत. त्यांची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. वाटेत विहीर दिसली की ते वाकून आत बघायचे. कुणाशी बोलत असले तरी बोलणं अर्धं टाकून जायचे, बघायचे आणि परत येऊन पुढचं वाक्य पुरं करायचे. लोक त्यांची चेष्टा करत. पुढं बाहत्तर साल आलं, पाऊस आलाच नाही, आणि मग आमच्या भागातला प्रत्येक माणूस जाता-येता विहिरीत वाकून बघू लागला. तेव्हा सरांची चेष्टा बंद झाली.

दुसरी खोड सहलीतली. डोंगर चढताना ते सगळ्यांच्या मागं असत आणि मधूनच ओरडत, "वळून बघा!" आम्ही थांबायचं, मागं तोंड करायचं आणि आलेली वाट बघायची. झाड कुठल्या हाताला आहे, खडक कसा दिसतो, पाणी कुठून वाजतं. समाधान झाल्यावर ते म्हणत, "चला." थोडं चढलं की पुन्हा तेच.

"सर, मान अवघडली," राहाता म्हणायचा.

"अवघडू दे. मोडली नाही ना?"

एकदा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका गडावरून उतरताना आम्ही धुक्यात सापडलो. हात लांब केला तर पंजा दिसेना. पुढं वाटेला फाटे फुटलेले. राहाता म्हणाला, "सर, ही डावीकडची. मला पक्कं आठवतंय." बुद्रुक म्हणाला मधली. सर एका दगडावर बसले. "मी तुमच्याबरोबर आलोच नाही असं समजा," म्हणाले आणि गप्प झाले. आम्ही भांडलो, मग घाबरलो. शेवटी खुर्द हळूच म्हणाला, "वळून बघितलं तेव्हा वाकडं हिरड्याचं झाड उजव्या अंगाला होतं. म्हंजी आता बी ते उजव्याच हाताला लागाया पायजे." आम्ही एकमेकांचा हात धरून झाड शोधलं आणि वाट सापडली.

पण सर लगेच उतरले नाहीत. राहात्याचं मनगट धरून ते त्याला त्यानं सांगितलेल्या वाटेनं घेऊन गेले. आम्ही मागं. जरा पुढं गेल्यावर त्यांनी त्याला थांबवलं, एक धोंडा उचलला आणि पुढच्या पांढऱ्या धुक्यात टाकला. आम्ही आवाजाची वाट बघत उभे राहिलो. आवाज आलाच नाही.

"ही तुझी वाट," सर शांतपणे म्हणाले. "जाताना माणसाचे डोळे पुढं असतात, म्हणून जाणं सोपं. परतताना तीच वाट परकी होते. न्यायला कुणीही नेतं रे. परत आणणं, तो अभ्यास आहे."

उरलेली वाट राहाता दर वळणावर वळून बघत उतरला.

या बोलण्यामुळेच की काय, पुढं सरांच्या डोक्यात माझ्याबद्दल एक कल्पना आली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकपलीकडे गेलेला मी पहिलाच. बी.ए. झालं की नगरला बी.एड. करायचं आणि कुठल्या तरी हायस्कुलात चिकटायचं, हे घरात ठरलेलं होतं. आणि सरांनी मला गोदामाच्या पायरीवर बोलावून सांगितलं की दूरच्या एका विद्यापीठात पर्यटनाचा अभ्यासक्रम निघतो आहे. तो शब्दही मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"म्हणजे काय शिकायचं, सर?"

"लोकांना जागा दाखवायची. आणि सुखरूप परत आणायचं."

घरी सांगितलं तर अण्णा, माझे वडील, जेवताना थांबले. ते पुणतांब्याच्या स्टेशनवर पॉइंट्समन होते. "लोकास्नी हिंडवाया शिकायचं? कालिजात?" ते आईकडे बघून म्हणाले, "उद्या ह्यो म्हनंल, झोपायची परीक्षा हाय."

पुढच्या रविवारी सर स्वतः आमच्याकडे आले. स्टेशनच्या आवारातल्या आमच्या खोलीत आईनं घोंगडी टाकली. सरांनी आधी मागची विहीर बघून घेतली, मग बसले.

अण्णा म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. हितं गाडीतनं रोज मानसं उतरत्यात, शिर्डीला जात्यात. त्यास्नी वाट कोन दावतंय? टांगेवाला. त्यो कंच्या कालिजात गेल्ता?"

"अण्णा, तुमचं काम काय?"

"सांधं बदलायचं."

"गाडी कुठं जायची ते ड्रायव्हरला ठाऊक असतं. मग तुम्ही कशाला?"

अण्णा हसले. "आवो, मी सांधा न्हाई बदलला तर दोन गाड्या एकाच रुळाव येतील की."

"बस. पोराला तेवढंच शिकायला पाठवा."

अण्णांनी तंबाखू मळून दाढेत धरली. मग म्हणाले, "आन् नोकरी?"

"त्याची हमी मी देणार नाही. बी.एड.ला आहे, ह्याला नाही."

"मास्तर खोटं बोलत न्हाई, येवढं बरं हाय," अण्णा आईला म्हणाले. आणि त्यांनी निकाल दिला: तिकडं निवड झाली तर जाऊ दे, नाही झाली तर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, मुकाट्यानं बी.एड.

निवडीसाठी मुलाखत होती. प्रत्येक मुलानं एक ठिकाण निवडून, पाहुण्याला दाखवावं तसं ते परीक्षकांना तोंडी दाखवायचं होतं. मी वेरूळची तयारी सुरू केली. सरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"वेरूळ सगळे दाखवतील. तू माझं गाव दाखव."

तेव्हा मला कळलं की 'पाण्यात' हा विनोद नव्हता. पश्चिमेच्या डोंगरात इंग्रजांच्या काळात एक धरण झालं, त्यात उंबरडोह बुडालं. सर तेव्हा आठेक वर्षांचे असतील. लोकांनी घरांची दारं, तुळया, चौकटी काढून बैलगाड्यांत घातल्या. दगड तेवढे राहिले. "सगळी गाडीत बसली," सर म्हणाले, "आणि आई परत गेली. चौकट काढलेल्या उंबऱ्यावर उभी राहिली, आत बघून म्हणाली, 'येते हं.'"

"घराला?"

"घराला. निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तुझ्या आईनंही तुला शिकवलं असेल. माझी आई म्हणाली आणि पुन्हा कधी गेली नाही. जाणार कशी? ती वारली, भाऊ वारला. आता तिचा शब्द माझ्याकडे आहे."

एखाद्या कडक उन्हाळ्यात गावाची वरची आळी उघडी पडायची. खालची आळी, जिथं सरांचं घर होतं, ती एवढ्या वर्षांत कधीच वर आली नव्हती. पण त्या वर्षी, बाहत्तरच्या दुष्काळात, खाली प्यायला आणि उसाला पाणी सोडून सोडून धरण तळाला चाललं होतं. सगळा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसला होता, दुष्काळी कामावरच्या सुकडीच्या रांगेत उभा होता, खडी फोडत होता. हांडे सर एकटेच असे होते की पाणी आटायची वाट बघत होते. ते कुणाला बोलून दाखवत नसत. पण धरणाची पातळी आणखी खाली गेल्याची बातमी आली की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते बघून मला भीती वाटायची.

संगमनेरला एसटी बदलून आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा थंडी होती. धरणाच्या कडेला, पाणी हटलेल्या जमिनीवर, लोकांनी गाळपेर केली होती. ओल्या गाळात हरभरा, वाल, काकडी. तिथं एक म्हातारी वाफ्यात बसली होती. सरांना बघून ती ओरडली, "आला का रं धोंडू!"

मी दचकलो. आमच्या प्राध्यापकाला धोंडू म्हणणारं कुणी असेल असं मला वाटलंच नव्हतं. ती ठकूबाई, सरांच्या घरासमोरची. वयानं त्यांच्याहून थोडी थोरली. दोघं बोलू लागले आणि सरांची भाषाच बदलली.

"ठके, मारुती निगाला का?"

"कवाच! त्यो बघ चौथरा. तू चपला काढ आदी, देवळापुढनं चाललायस."

मला तिथं काळपट दगडांची एक रांग दिसत होती, बाकी सपाट चिखल. पण सरांनी चपला हातात घेतल्या. मलाही घ्यायला लावल्या. मग त्यांनी मला गाव दाखवलं. सरळ समोर जायचं असलं तरी ते वळसे घेत चालत. मी एकदा मधून जाऊ लागलो तर माझ्या दंडाला धरून त्यांनी ओढलं. "अरे, लोहाराच्या घरातून काय चाललास? दारानं ये." ठकूबाई मागून बोलली, "त्ये लोहाराचं न्हवं, शिंप्याचं. लोहार पल्याड." त्यावर दोघांचं तावातावानं भांडण झालं. नसलेल्या भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून ते भांडत होते. मला हसू आलं, आणि मग अंगावर काटा आला. मला गाळ दिसत होता. त्या दोघांना गाव.

फाल्गुनात गेलो तेव्हा बातमी पसरली होती आणि बुडालेलं गाव बघायला माणसं येऊ लागली होती. जीपमधून, सायकलवरून, शेंगदाणे खात. सरांनी कुणाला हाकललं नाही. त्यांनी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, चपला काढायला लावल्या आणि आळीनं फिरवलं. इथं चावडी, इथं पाणवठा. मधेमधे ते थांबवत, "वळून बघा!" आणि त्या अनोळखी माणसांना काठावरचं उंबराचं वठलेलं खोड लक्षात ठेवायला सांगत. एवढं चांगलं दाखवणं मी पुढं नोकरीतही फार थोड्या वेळा पाहिलं. शेंगदाणे खाणारी माणसं खाणं विसरून त्यांच्या बोटाकडे बघत होती. मी मनात सगळं टिपत होतो, कारण मला हेच मुलाखतीत दाखवायचं होतं.

टिपता टिपता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सर सगळ्यांना वळून बघायला लावत होते, पण स्वतः एकदाही वळत नव्हते. त्यांचं तोंड सारखं खाली, पाण्याकडे होतं.

परतताना मी विचारलं, "सर, तुम्ही नाही वळून बघितलं?"

"आपल्याच आळीत कुणी वळून बघतं का रे?" ते म्हणाले आणि हसले.

वैशाखात ठकूबाईचा निरोप आला: तुझा उंबरा निघाला.

आम्ही गेलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. आभाळ गढूळ, वारा पडलेला. वाफे वाळून गेले होते. पाणी मागं सरून पार नदीच्या मूळ पात्रात बसलं होतं आणि त्याच्या अलीकडे, जिथं कधी कुणाची नजर पोचली नव्हती, तिथं भेगाळलेल्या गाळात दगडांच्या काही ओळी वर आल्या होत्या. ठकूबाईच्या वाफ्यापुढं एक काठी रोवलेली होती, तिला तांबडं फडकं.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"माझी कालवड," ठकूबाई म्हणाली. "मागल्या बाजाराच्या दिशी तिकडं गेली. वरनं वाळलंय, खाली न्हाई वाळलं. पोटापतूर रुतली. मानसांनी दोर लावून वढली तवा निगाली. तवापासनं गाळपेरवाल्यांनी काठी लावलीय. म्होरं कुनी जाईना."

सरांनी काठीकडे बघितलं, मग त्या दगडांकडे. "कालवड कुठनं गेल्ती?"

"अशी सरळ."

"म्हंजी वाण्याच्या परसातनं."

"व्हय की."

"तिला आळी कुठं ठाव हुती?"

ठकूबाईनं विचार केला आणि मान डोलावली. "त्ये बी खरं. आळीत फरशी हुती. वाण्याच्या परसात पयल्यापासनं चिखूलच."

मी त्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोघंही शहाणी माणसं. त्यांना काठी दिसत होती, कालवड रुतलेली ठाऊक होती. पण त्यांच्या हिशोबात कालवड गाळात रुतली नव्हती, ती चुकीच्या परसातून गेली होती. एवढ्या वर्षांच्या गाळाखाली त्यांना अजून आळीची फरशी दिसत होती.

"सर, नका जाऊ," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात आणखी वाळेल."

"पुढच्या आठवड्यात वळीव आला तर?" ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून, वर्गातल्या आवाजात, "पुणतांबा, तू काठीच्या पुढं यायचं नाही. तुला माझी शपथ आहे. इथून बघ. मुलाखतीत इथूनच दाखव."

पुढं काय झालं ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. सरांना काढायला गाळपेरवाले दोर आणि फळ्या घेऊन धावले. काठीपलीकडे त्यांचेही पाय रुतू लागले, तरी ते अंधार पडेपर्यंत प्रयत्न करत होते. हाती काही लागलं नाही. थोड्याच दिवसांत वळीव झाला, मग मृग चांगला लागला, सगळ्या जिल्ह्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि उंबरडोह पुन्हा पाण्याखाली गेलं. ठकूबाई पुढं जिवंत होती तोवर म्हणायची, "धोंडू घरी गेला." तिला उलट बोलायचं माझ्या मनात कधी आलं नाही.

मुलाखतीला मी जाणार नव्हतो. अण्णांनीच माझी पिशवी भरली. "मास्तरानं घरी येऊन सांगितलंय," एवढंच म्हणाले. परीक्षकांना मी उंबरडोह दाखवलं. मारुतीचा चौथरा, चावडी, शिंपी की लोहार यावरचं भांडण. एका परीक्षकानं विचारलं, "ही जागा आता पाण्याखाली आहे. मग पर्यटकाला तुम्ही तिथं नेणार कसं?" मी म्हणालो, "नेणार नाही, साहेब. काठीच्या अलीकडे उभा करीन." माझी निवड झाली. आयुष्यभर मी लोकांना लेणी, गड, धबधबे दाखवले आणि सगळ्यांना परत आणलं. माझ्या हाताखालची मुलं माझी नक्कल करत, "वळून बघा!" त्यांना वाटे ती माझीच खोड आहे. ज्यांच्यामुळे मला हे जगणं मिळालं ते एकच माणूस परत आलं नाही, हे मी त्यांना सांगत बसत नसे.

मला सर शेवटचे दिसले ते पाठमोरे. त्यांनी चपला काठीजवळ काढून ठेवल्या, पायजमा वर खोचला आणि निघाले. सरळ नाही गेले. वाण्याचं परस उजवीकडे टाकून डावीकडे वळले, थोडं चालून पुन्हा उजवीकडे, अगदी रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसासारखे. ठकूबाई शेजारी उभी राहून पुटपुटत होती, "आता पाटलाचा कोपरा. आता आमचं दार. आता त्याचं." मी सगळा जोर लावून ओरडलो, "सर! वळून बघा!" आवाज पोचला असणार, कारण त्यांनी एक हात वर केला. पण ते वळले नाहीत. उंबऱ्याच्या काळ्या दगडापाशी ते थांबले, एका पायाचा तळवा दुसऱ्या पोटरीवर घासून पुसला, मग दुसरा. आणि मग, तिथं चौकट नव्हती, भिंत नव्हती, वर नुसतं गढूळ आभाळ होतं, तरी हांडे सरांनी बुटक्या दारातून आत जाताना वाकवावी तशी मान खाली वाकवली आणि पाय आत टाकला.